बिनहळदीचं खिमट

माणसाला पशूपासून वेगळं करणारी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे मनोनिग्रह. भूक पोटात नसते, मनात असते. ज्याने मन जिंकलं त्याने ताट जिंकलं.

हे विचार देवव्रत कर्णिकने एका रविवारी सकाळी 'कर्णिक आणि मंडळी' या कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. टाकले तेव्हा तो मुलुंड पूर्वेच्या आपल्या घरात डायनिंग टेबलाशी बसून दुधीचा लगदा चहाच्या चमच्याने ढवळत होता, आणि त्याच्या जठराचा मोठा भाग अंधेरीच्या एका हॉस्पिटलात कापून केव्हाच निकालात काढण्यात आला होता. भूक पोटात नसते हे त्याच्या बाबतीत अगदी वैद्यकीयदृष्ट्या खरं होतं. जिथे असते तो भागच आता त्याच्यापाशी नव्हता.

ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येऊ लागली. घाटकोपरच्या शुभाताईने, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीने, लिहिलं, 'देवू, तुझ्या तोंडून हे ऐकायला मिळेल असं जन्मात वाटलं नव्हतं.' तिच्या नवऱ्याने, जयवंत गुप्तेने, लिहिलं, 'गुरुदेव, पुढचा धडा पाठवा.'

"मन जिंकून झालं असेल तर तो दुधी संपव," क्षमा स्वयंपाकघरातून म्हणाली. "गार झाला की आणखी वाईट लागतो."

"गरम होता तेव्हा कुठे बरा होता?"

"मग गार खा."

तीस वर्षांच्या संसारात क्षमाने नवऱ्याला कमी खा असं इतक्या वेळा सांगितलं होतं, की आता पूर्ण खा असं सांगताना तिलाच चमत्कारिक वाटत होतं. पण सांगण्याचा सूर तिने बदलला नव्हता.

ऑपरेशन लपवण्याचं कारण देवव्रतने स्वतःच दोन वर्षांपूर्वी तयार करून ठेवलं होतं. घाटकोपरला जयवंतच्या घरी सगळे जमले होते. देवव्रतच्या ऑफिसातल्या कुणी तरी हेच ऑपरेशन करून घेतल्याचा विषय निघाला. देवव्रतच्या हातात तेव्हा चौथा खिमा पॅटिस होता. पॅटिस उंचावून तो म्हणाला, "पोट कापून बारीक होण्यात काय पुरुषार्थ आहे? परीक्षेत कॉपी करून पास व्हायचं आणि वर पेढे वाटायचे!" लोक खूप हसले. जयवंतला तर ते वाक्य इतकं आवडलं की पुढे दोन वर्षं त्याने ते लग्नांत, मुंजींत, एकदा तर एका तेराव्याला, देवव्रतच्या नावासकट सर्वांना ऐकवलं.

मग साखर वाढली, गुडघे बोलू लागले, घोरण्याला कंटाळून क्षमा दुसऱ्या खोलीत गेली आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता कापायलाच हवं. देवव्रतने डॉक्टरांचं ऐकलं आणि नातेवाइकांना कळवलं की तो कर्जतजवळच्या एका निसर्गोपचार केंद्रात जात आहे. तिथे मोबाइल वापरू देत नाहीत, भेटायला येऊ देत नाहीत आणि तिथली जागा सापडायलाही अवघड आहे.

परत आला तो सैल शर्टात. आणि मग असं काही घडलं ज्याची त्याने कल्पनाही केली नव्हती. त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा लोक त्याला काही तरी विचारू लागले. लहानपणापासून तो 'जाड्या देवू' होता. फोटो काढताना त्याला कडेला उभं करत, गाडीत पुढे बसवत आणि पंगतीत वाढणारा त्याच्यापाशी आपणहून थांबे. मत कुणी विचारत नसे. आता चुलतभाऊ फोन करत. भाचीने, गार्गीने, लिहिलं होतं, 'मामा, कसला भारी दिसतोयस तू! मला तुझा अभिमान वाटतो.' हा मेसेज त्याने जपून ठेवला होता आणि दिवसाकाठी दोन-तीनदा उघडून बघत असे. तो पुसला गेला असता तर उरलेलं जठरही गेलं तरी त्याला चाललं असतं.

ज्ञान मात्र त्याचं नव्हतं. ते ऋतिकाचं होतं. ऋतिका ही हॉस्पिटलची आहारतज्ज्ञ. वय पंचविशीचं, आवाज सदा आनंदी. ती रोज व्हॉइस मेसेज पाठवी.

"हाय सर! कसे आहात? आता आपण सॉफ्ट फूडवर आलोय, येय! म्हणजे बघा, बाळाला कसं भरवतो, अगदी तस्सं. गुठळी नको, साल नको, बी नको. लहान वाटी, लहान चमचा. घास तोंडात पार पाणी होईपर्यंत चावायचा, आणि जेवताना पाणी नाही हं! आणि साखर तर बिलकूल नको, सर. साखर पोटात गेली ना, की घाम फुटेल, धडधडेल, आडवे व्हाल. ओके? टेक केअर!"

देवव्रत हे ऐके, 'येय' या शब्दापाशी दात खाई, आणि मग आपल्या शब्दांत ग्रुपवर टाकी: 'वाटी लहान करा. वाटी लहान झाली की मन मोठं होतं.' किंवा: 'घास आणि घोट यांना एकत्र आणू नका. दोघांचे स्वभाव जुळत नाहीत.' ऋतिकाने पापडाबद्दल दिलेल्या इशाऱ्याचं त्याने 'कुरकुरीत सुखं क्षणिक असतात' असं केलं होतं, ते तर त्याला स्वतःलाच आवडलं होतं.

विचारांचं हे असं झकास चाललं होतं. जेवणाची मात्र वाट लागली होती.

कर्णिकांचं घर खाणारं. वालाच्या बिरड्यात वालाचे मोड मोडले तर त्यावरून या घरात अबोला धरला गेला आहे. सोड्याची खिचडी कुणाच्या आईची बरी, या वादात एक साखरपुडा लांबला आहे. अशा घरातल्या माणसापुढे आता रोज मिक्सरचं भांडं येई. क्षमा बिचारी वेगवेगळं काही करायला जाई. सोमवारी पालक, मंगळवारी भोपळा, बुधवारी मसूर. पण मिक्सरमध्ये गेलं की सगळ्यांची जात एकच होई, आणि रंगही. उन्हाळ्यात भिंतीला देतात तसला काही तरी फिकट रंग. चार चमचे गेले की छातीच्या मध्यभागी कुणी तरी हात आडवा धरी: बस.

"आज काय आहे?" तो विचारी.

"कालचंच. पण आज गाजर घातलंय."

"मला कळणार आहे का ते?"

"मला तरी कुठे कळलं? मीच घातलं म्हणून माहिती."

रविवारी खालच्या मजल्यावरच्या शाहांकडे फाफडा-जिलेबी येई. देवव्रत खिडकीत उभा राहून दीर्घ श्वास घेई. वासाबद्दल ऋतिका काही बोलली नव्हती. हे प्राणायाम चाललेत असं समोरच्या इमारतीतल्या लोकांना वाटे, आणि त्यातल्या एकाने तर लिफ्टमध्ये त्याला त्याबद्दल विचारलंही. देवव्रतने त्यालाही दोन वाक्यं ऐकवली.

एकदा क्षमा बँकेत गेली असताना त्याने पापडाचा कोपरा मोडून तोंडात टाकला. नखाएवढा. सांगितल्याप्रमाणे चावला. गिळला. तो कोपरा आत जाऊन असा आडवा बसला की देवव्रत तासभर पलंगावर छताच्या पंख्याकडे बघत पडून राहिला. मरण आलं तर लोकांना काय सांगायचं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता. पापडाने गेला हे कळवणं बरं दिसलं नसतं. त्या रात्री ग्रुपवर काही गेलं नाही. सकाळी मात्र गेलं: 'मोह आला की आडवे व्हा. मोह उभ्याने जिंकता येत नाही.'

"हे कसलं?" क्षमाने विचारलं.

"अनुभव," देवव्रत म्हणाला.

अशात शुभाताईचा फोन आला. गार्गी बाळंतपणासाठी माहेरी घाटकोपरला होती ती अजून तिथेच होती. बाळ सहा महिन्यांचं झालं होतं. त्याचं नाव विहान, पण घरात त्याला सगळे लाडू म्हणत, आणि हा शब्द फोनवर आला की देवव्रतला दर वेळी थोडं वाईट वाटे.

"रविवारी लाडूचं उष्टावण आहे. खीर भरवायला मामा लागतो. लाडूचा सख्खा मामा, आपला मिहिर, काही टोरांटोहून येत नाही. म्हणून म्हटलं, गार्गीचा मामा तर मामा. तू भरव."

"भरवतो की. आनंदाने."

"आणि आपल्याकडचा नियम लक्षात आहे ना? वाटीत उरेल ते मामाने तिथेच सगळ्यांसमोर संपवायचं. म्हणजे पोर जन्मभर ताटात टाकत नाही. गार्गीच्या वेळी तू काय केलंस आठवतंय? वाटी संपवलीस, मग पातेलं मागितलंस! फोटो आहे अजून. लहान मुलाने डफ धरावा तसं ते पातेलं धरलंयस."

देवव्रतला फोटो आठवत होता. पातेलंही आठवत होतं. तळाला लागलेली खरपूस खीर तर इतकी आठवली की त्याला बसावं लागलं.

"सरळ सांगून टाक," क्षमा म्हणाली. "बहीण आहे तुझी. काय करणारे? हसेल."

"ताई हसेल. भावोजी हसतील, आणि मग ते वाक्य म्हणतील. मेलेल्याच्या घरी म्हणणारा माणूस आहे तो, माझ्या तोंडावर सोडेल?"

"मग खीर खा आणि पड आडवा."

देवव्रतने दोन दिवस विचार केला. शनिवारी रात्री तो स्वयंपाकघरात येऊन कट्ट्याला टेकला.

"उद्या डब्यात खिमट दे. तांदूळ-मूगडाळ भाजून, दळून, छान सरसरीत. मीठ आणि हिंग चालेल."

"देतेच आहे."

"हळद घालू नकोस."

"का?"

"रंग."

क्षमाने हातातला डाव खाली ठेवला आणि नवऱ्याकडे बघितलं. पांढरं, सरसरीत, तांदळाचं. खीरही पांढरी, सरसरीत, तांदळाचीच.

"तू बाळाला हे भरवणार?"

"खिमटच आहे. जगातली सगळी बाळं खिमट खातात. उलट साखरेपेक्षा बरं."

"आणि उरेल ते तू खाणार."

"आणि उरेल ते मी खाणार. सगळ्यांसमोर. नियमाप्रमाणे."

"देव, तू एका बाळाचा पहिला घास फिरवतोयस, कळतंय का तुला?"

"तू हळदीचं तेवढं बघ."

क्षमाने हळद घातली नाही. पण या भानगडीत आपण नाही, हे तिने रविवारी सकाळी दोनदा सांगितलं. एकदा घरी आणि एकदा रिक्षात. रिक्षा हायवेने कांजूरमार्गला आली तेव्हा वारा डंपिंग ग्राउंडकडून येत होता, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच देवव्रतची खायची इच्छा खरोखरच्या अर्थाने नाहीशी झाली. घाटकोपर आलं तशी ती परत आली.

जयवंतने दार उघडलं ते एका हाताने. दुसऱ्या हाताने त्याने पँट धरली होती.

"गुरुदेव! बघा!" त्याने हात काढला. पँट घसरू लागली तशी परत धरली. "पट्ट्याला दोन नवी भोकं पाडली. तीही संपली."

देवव्रत बघत राहिला. जयवंतचे गाल गेले होते. साठी ओलांडलेला, बँकेतून निवृत्त झालेला, आयुष्यभर पावात बटाटेवडे दाबून खाणारा माणूस. त्याच्या गळ्याचं हाड दिसत होतं.

"तू लिहिलंस ते एक अक्षर सोडलं नाही," जयवंत म्हणाला. "हे बघ." त्याने शोकेसमधून एक वाटी काढली. लहान स्टीलची. शेजारी लहान चमचा. "यातच जेवतो. घास असा चावतो की शुभा टीव्हीची मालिका संपवून येते. जेवताना पाण्याचा थेंब नाही. पहिले चार दिवस वेड लागायची पाळी आली रे! मग तुझं वाक्य आठवलं. भूक मनात असते."

"हो," देवव्रत म्हणाला. याच्या पोटात भूक असणार, कारण याचं पोट आहे, हा विचार त्याला चाटून गेला. वर या माणसाला कुणी सक्ती केलेली नाही. हौस म्हणून लहान वाटीत जेवतो. त्याला जयवंतचा एकदम अतिशय राग आला.

"किती उतरलं?"

"आत्ता नाही सांगणार. जेवणं झाली की काटा काढू. दोघं उभे राहू, सगळ्यांसमोर. गुरू पुढे असायलाच हवा, पण बघू तर खरं, चेला किती मागे आहे!"

गार्गी आतून आली, लाडूला कडेवर घेऊन. "मामा! अरे, तू तर कॉलेजातला दिसतोयस!" ती म्हणाली, आणि मामाला मिठी मारली. हे वाक्य मिठीसकट देवव्रतच्या कामाचं होतं. त्याने हातातल्या पिशवीतला डबा चाचपला.

स्वयंपाकघरात ओट्यावर चांदीची वाटी खिरीने भरून ताटलीखाली झाकली होती. शेजारी मोठं पातेलं. शुभाताई बिरड्यात नारळाचं दूध घालत होती. बिरड्याचा वास देवव्रतला दाराशीच लागला. तो क्षणभर चौकट धरून उभा राहिला.

"ताई, चौरंग कुठला घ्यायचा विचारतोय जावई."

"त्याला एक गोष्ट सापडेल तर शपथ!" म्हणत शुभाताई बाहेर गेली.

देवव्रतने चांदीची वाटी पातेल्यात रिकामी केली, डबा उघडला आणि वाटी खिमटाने काठोकाठ भरली. डबा संपला. वाटी कमी भरलेली दिसली तर संशय येईल म्हणून तसं करणं भागच होतं. मग त्याने पातेल्यातल्या खिरीवरच्या केशराच्या तीन काड्या उचलून खिमटावर नीट मांडल्या आणि जरा मागे सरून बघितलं. दारात क्षमा उभी होती.  तिने नुसतं वर बघितलं, जिथे देव असतो म्हणतात आणि गुप्त्यांच्या स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन असतो.

चौरंग सापडला आणि त्यावर मामाला बसवलं. लाडूला लाल झबलं घालून गार्गीच्या मांडीवर बसवलं. ओवाळणं झालं. जावयाने मोबाइल उंच धरला. देवव्रतने बोटातली अंगठी काढली. पूर्वी ती साबण लावूनही निघत नसे, आता हात झटकला तरी निघे. सगळ्यांनी ते बघितलं, आणि सगळ्यांनी बघितलं हे देवव्रतने बघितलं. त्याने अंगठी वाटीत बुडवून लाडूच्या ओठांना लावली.

लाडूने तोंड वाकडं केलं. मग जीभ बाहेर काढली. मग विचार केला. मग एवढं मोठं तोंड उघडलं की जावई हसला आणि मोबाइल हलला.

"आवडली! माझ्या हातची खीर आवडली!" शुभाताईने टाळ्या वाजवल्या.

देवव्रतने चमचाभर दिलं. लाडूने खाल्लं आणि चमच्याकडे झेप घेतली. आणखी एक. आणखी एक. गार्गी म्हणाली, "मामा, बास हं, पहिल्या दिवशी एवढं नको." देवव्रत थांबला. लाडूने असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरच्या कुणी तरी खिडकी लावली. "दे रे, दे," शुभाताई म्हणाली, "आज त्याचा दिवस आहे."

देवव्रत भरवत राहिला. चमचा लहान, वाटी लहान, घास मऊ. सगळं ऋतिकाने सांगितल्याप्रमाणे. आपलं दुपारचं जेवण समोरच्या माणसाच्या तोंडात जाताना तो बघत होता. हाही त्याच्यासारखाच दुधावरून मऊ अन्नावर आलेला. फक्त हा महिन्याभरात पोळी खाणार होता, वर्षभरात चिवडा, आणि कुणी त्याला 'येय' म्हणणार नव्हतं. शेवटी वाटी खरवडली गेली.

देवव्रतला वाटलं, सुटलो. उरलंच नाही तर संपवायचं काय? जेवण गेलं, पण अब्रू राहिली.

"अगं बाई, काहीच उरलं नाही!" शुभाताई म्हणाली. "मग नियमाचं काय?"

"नियम पूर्ण झाला, ताई. उरेल ते संपवायचं. उरलं शून्य, संपवलं शून्य."

"असं कसं? मामाचं तोंड गोड नको?" म्हणत ती आत गेली आणि पातेल्यातल्या खिरीने भरलेली मोठी वाटी घेऊन आली. वर काजू, बेदाणे आणि तळाची खरवड. "तुझ्यासाठी मुद्दाम तळाशी लावलीय."

"ताई, मी साखर सोडलीय."

"ही साखर नाही, ही खीर आहे."

"खरंच नको."

"माझ्या नातवाच्या उष्टावणाला नको म्हणतोस?"

देवव्रतने मदतीसाठी क्षमाकडे बघितलं. क्षमा एक्झॉस्ट फॅनच्या दिशेने बघत होती. मग जयवंतने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"घे रे, गुरुदेव. तूच लिहिलं होतंस ना, गेल्या बुधवारी? ज्याचं मन ताब्यात आहे त्याला पदार्थाची भीती नसते. पाठ आहे मला."

देवव्रतला ते लिहिल्याचं आठवत होतं. त्या दिवशी मसूर होती.

त्याने पहिला चमचा घेतला तो बहिणीच्या आग्रहाने. दुसरा घेतला तो जयवंत बघत होता म्हणून. तिसऱ्याला कुणी आग्रह केला नव्हता. जायफळ, दाटसर दूध, तळाचा किंचित जळका वास. कित्येक आठवड्यांनी काही तरी कशासारखं तरी लागत होतं. चौथा आणि पाचवा चमचा त्याने सांगितल्याप्रमाणे चावला, पण थांबला नाही.

मग त्याच्या कपाळावर घाम आला. मग पाठीवर. छातीत कुणी तरी ताशा घेऊन शिरलं. समोरची माणसं लांब गेली आणि फरशी जवळ आली. देवव्रत चौरंगावरच आडवा झाला.

"हार्ट! हार्ट आहे!" जयवंत ओरडला. "शुभा, सॉर्बिट्रेट! गार्गी, ॲम्ब्युलन्स!" पँट सोडून तो मोबाइल शोधू लागला आणि मग मोबाइल सोडून पँट.

"देवू! अरे देवू!" शुभाताई रडायलाच लागली. "तरी मी म्हणत होते, एवढं उपाशी राहायचं नसतं!"

"ॲम्ब्युलन्स नको," क्षमा म्हणाली. ती शांतपणे नवऱ्याच्या शेजारी बसली आणि पदराने त्याचं कपाळ पुसलं. "हार्ट नाहीये. देव, तू सांगतोस की मी सांगू?"

गार्गीने फोन लावला होता. "हॅलो, घाटकोपर ईस्ट, पेशंट त्रेपन्न वर्षांचा..."

"पोट कापलंय माझं," चौरंगावरून आवाज आला. "ऑपरेशन झालंय. अंधेरीला. साखर चालत नाही. पडून राहिलो की बरं वाटतं."

गार्गीने फोन बंद केला. 

"म्हणजे हार्ट नक्की नाही?" शुभाताईने विचारलं.

"नक्की नाही."

"मेल्या!" ती म्हणाली, आणि खुर्चीत बसली. "माझाच जीव गेला असता! आणि ते कर्जत?"

"कर्जत नाही," क्षमा म्हणाली.

शुभाताईने काही तरी करायचं म्हणून चांदीची वाटी उचलली. उचलताना तिचं नाक जवळ गेलं. तिने परत वास घेतला. बोट फिरवून चाटलं.

"खिरीत हिंग कुणी घातला?"

 गार्गीचं लक्ष हॉलच्या कोपऱ्यातल्या पिशवीतून डोकावणाऱ्या रिकाम्या डब्याकडे गेलं.

"मामा! तू लाडूला हॉस्पिटलचं जेवण भरवलंस?"

"घरचंच आहे ते," देवव्रत डोळे मिटून म्हणाला. "मूगडाळ-तांदूळ. हळदसुद्धा नाही त्यात."

शुभाताईने खात्री करायला खऱ्या खिरीचा चमचा लाडूच्या तोंडात घातला. लाडूने तो जावयाच्या सदऱ्यावर परत केला आणि रिकाम्या चांदीच्या वाटीकडे हात केले.

घाम वाळत आला. ताशा हळूहळू लांब गेला. देवव्रत पडल्या पडल्या वाट बघू लागला. आता येईल ते. परीक्षा, कॉपी, पेढे. दोन वर्षं सगळ्या गावाला वाटलेलं वाक्य आज मालकाच्या घरी परत येणार. गार्गीने आपला चेहरा लाडूच्या झबल्यात घातला होता. ती रडत होती की हसत होती ते दिसत नव्हतं, पण खांदे हलत होते, म्हणजे हसतच होती. अभिमानाचा मेसेज आता पुसायला हरकत नव्हती.

जयवंतच्या डोक्यात मात्र दुसरंच काही चाललं होतं. तो कपाळाला आठ्या घालून उभा होता.

"म्हणजे ती लहान वाटी?" त्याने विचारलं.

"आहारतज्ज्ञ बाईंची."

"लहान चमचा?"

"त्यांचाच."

"पार पाणी होईपर्यंत चावायचं ते?"

"नाही चावलं तर अडकतं. मला."

"आणि जेवताना पाणी नाही?"

"जठर लहान ना. दोन्ही मावत नाही."

"पण माझं मावतं," जयवंत म्हणाला.

"तुमचं मावणारच, भावोजी. तुमचं सगळं जागेवर आहे."

जयवंतने पँट वर ओढली. मग बाथरूममध्ये गेला आणि वजनाचा काटा घेऊन आला. तो त्याने हॉलच्या मधोमध, चौरंगाच्या शेजारी, फरशीवर ठेवला.

"पडून राहू दे ना त्याला!" शुभाताई म्हणाली.

"पडू दे नंतर. एक मिनिट लागतं."

दोघांनी धरून देवव्रतला उभं केलं आणि काट्यावर चढवलं. मग तो उतरला आणि जयवंत चढला. जावयाने दोन्ही आकडे वाचले आणि आधीच्या आकड्यांतून वजा केले. गेल्या सहा आठवड्यांत देवव्रतचं वजन तेरा किलो उतरलं होतं. जयवंतचं अकरा.